रिक्षावाल्या भाऊंचा मेसेज

मित्रमैत्रिणींनो, आत्ताच पिंप्राळ्याला घरी पोहोचले. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी जळगावात एका आरोग्य संस्थेत डिजिटल मार्केटिंगची इंटर्नशिप करतेय. मागे स्तनांच्या मोफत तपासणीची पोस्ट टाकली, तर खाली नुसत्या हसणाऱ्या इमोजी. वैतागून पोस्ट काढूनच टाकणार होते.

तेवढ्यात पेजवर एका रिक्षावाल्या भाऊंचा मेसेज आला. "ताई, माझ्या बायकोला गाठ आहे. ती कोणाशीच बोलत नाही. तुम्ही फोन कराल का?"

मी लगेच केला. भाऊंनी फोन बायकोच्या हातात दिला. त्या अक्कांनी हळूच विचारलं, "तठे डॉक्टर बाईच शे ना?"

"हो अक्का, बाईच आहेत. आणि मीही दाराशी थांबते."

त्या आल्या. तपासणी झाली, पुढच्या चाचण्याही झाल्या. आज दुपारी दोघं रिपोर्टसाठी आले. डॉक्टरांनी सांगितलं, गाठ साधी आहे, कॅन्सर नाही.

अक्कांनी बाहेर येऊन माझा हात घट्ट धरला. "पोरी, आते माले झोप लागी."

भाऊ मात्र बाकावर बसून ढसाढसा रडले. लोक ज्या पोस्टवर हसत होते, तीच वाचून त्यांनी बायकोसाठी मदत मागितली. भाऊ, तुमचे मनापासून आभार.

तुमच्या घरात कोण गप्प राहून दुखणं सोसतंय? आज जवळ बसून विचाराल का?