नागप्पाची नजर

चिंताकी गावात आमच्या मालकांना, प्रभुलिंगअप्पांना, कुणी विचारलं की लेकरं किती, तर आधी सागवान सांगतील, मग लेकरं. मी उमादेवी, त्यांची बायको. माझा नंबर त्याच्याही मागं.

शेजारचा नागप्पा रोज सकाळी बांधावर यायचा, मान वर करून म्हणायचा, "अण्णा, काय झाडं आलीत!" की ह्यांची छाती फुगायची. मग दोघं तिथंच चहा प्यायचे. आख्ख्या गावात मालकांना दोस्त तेवढा एकच. ह्यांच्या तोंडापुढं दुसरं कोण टिकतंय?

भादव्यात पावसानं ओढ दिली आणि सागाची पानं तांबूस पडायली, करपल्यागत. मालक म्हणाले, "नजर लागली. नागप्पाची."

"अवो, त्यो कौतुक करायलाय की!"

"तेच म्हणतो मी. रोज कामून करायलाय?"

झालं! नागप्पाला बांधबंदी. गरीब बिचारा, टॉवेल तोंडावर ओढून पलीकडून जायला लागला आणि एक दिवस चारीत पडला. इकडं मालकांनी एकूण एक खोडाला इभूतीचे तीन पट्टे ओढले. आम्हा लिंगायतांच्या घरात इभूतीशिवाय सकाळ होत न्हाई, कबूल, पण झाडाला? वर चुलीतली राख चाळून पानांवर उधळली. पानं अजूनच वाळायली. मालक बांधावर एकटेच चहा प्यायचे आणि घरी येऊन राग माझ्यावर काढायचे.

माझं डोकं फिरलं. एक पान तोडलं आणि त्यांच्या पांढऱ्या धोतरावर उलटं झटकलं. तांबडे बारीक ठिपके पडले आणि चालायला लागले.

"हे बघा, नागप्पाची नजर चालायलीय!"

मालक तसंच पान घेऊन शेतीच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं बघूनच सांगितलं, "लाल कोळी हाय. पानाखाली बसून रस पितोय. कोरडा धुरळा त्याला लई मानवतो, आणि तुम्ही वरून राख उधळायलाव? पाण्यानं धुवा पानं."

मालक तिथून थेट नागप्पाच्या दारात. माफी मागायची सवय न्हाई, नुसतेच खाकरत उभे. शेवटी नागप्पाच बोलला, "अण्णा, माझी कसली नजर लागतीय? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. तुझी झाडं मला हिरवा धूर दिसतात. तुला बरं वाटतंय म्हणून म्हणत होतो."

मालक मटकन खाली बसले. "आधी कामून न्हाई सांगितलास रे?" म्हणत डोळे पुसायला लागले. दुसऱ्याच दिवशी त्याला बीदरच्या दवाखान्यात घेऊन गेले.

पुढं दोन्ही डोळ्यांचं आपरेशन झालं, पट्ट्या सुटल्या, तशी मालकांनी त्याला आधी बांधावर आणलं. धुतलेल्या झाडांना तोवर नवी पानं फुटली होती. नागप्पानं खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं. माझा जीव टांगणीला.

"अण्णा," तो म्हणाला, "एवढीच व्हय?"

मालकांनी आ वासला. मग असे हसले, असे हसले, की हातातला चहा धोतरावर सांडला.

"एवढीच रे, नागप्पा. बघ, पायजे तितकं बघ."