काळ्या चिखलाला बर्फाचं यंत्र

उन्हाळ्यात एकदा आईने भर ऑफिसच्या वेळेत फोन करून मला विचारलं, बर्फ जमिनीला चिकटतो का. माझ्या टेबलासमोर माणसं बसलेली. मी म्हटलं, आई, मी काय हिमालयात राहते का? तर म्हणे, एवढी शिकली तू, तुले एवढं तर मालूम असन. मी चिडून फोन ठेवला. पण संध्याकाळी गाडी चालवत घरी येताना तेच डोक्यात. खरंच, चिकटतो का? मी बर्फ पाहिलाय तो फक्त रसवंतीवरचा.

आई नांदगाव खंडेश्वरच्या पुढे, गावापासून बरंच आत, शेतातल्या घरात एकटी राहते. बाबा गेल्यावर मी तिला अमरावतीला ये म्हणून किती विनवलं. ती येत नाही. बाबांनी घेतलेला जुना ट्रॅक्टर आहे, तो ती स्वतः चालवते, आणि मोठ्या ऐटीत चालवते. अडचण एकच, डांबरी रस्त्यापासून घरापर्यंतची पाणंद. आमची माती काळी. पाऊस लागला की त्या पाणंदीत चप्पल पायात राहत नाही, आणि गाडीचं तर नावच नको. खाली कुठेतरी जुना मुरूम आहे म्हणतात, पण दोन्ही बाजूंच्या वावरांतून वाहून आलेल्या गाळाने तो कधीचा गाडला गेलाय.

त्याआधीच्या पावसाळ्यात आईला ताप आला. ट्रॅक्टर चालवणारी तीच, म्हणून शेजारच्या वावरातले काका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, तिला बैलगाडीत घालून बाहेर काढायला निघाले. मी डांबरी रस्त्यावर गाडी घेऊन उभी. मला बैलगाडी दिसत होती, बैल दिसत होते, आडवी पडलेली आई दिसत होती, आणि ती गाडी काही केल्या पुढे सरकत नव्हती. चिखल पार चाकाच्या मधल्या तुंब्याला लागलेला. आई बरी झाली, पण ती जागची न हलणारी बैलगाडी मला दिसतच राहिली.

म्हणून मी अट घातली. पुढच्या पोळ्याला माझी गाडी तुझ्या दारापर्यंत आली पाहिजे. आली तर तू राहा खुशाल, मी एक शब्द बोलणार नाही. नाही आली तर घराला कुलूप आणि तू अमरावतीत, कायमची. आई हो म्हणाली. भांडली नाही, रुसली नाही, तेव्हाच खरं तर मला शंका यायला पाहिजे होती.

त्यानंतर हा बर्फाचा फोन. सुट्टीच्या दिवशी गेले तर तिने चहाच्या आधी मोबाईल हातात दिला. कुठल्या तरी परदेशातला म्हातारा शेतकरी, कानटोपी घातलेला. त्याचा ट्रॅक्टर हुबेहूब आमच्यासारखा जुना, फक्त त्याच्या नाकासमोर लोखंडाचं भलं मोठं तोंड बसवलेलं. त्या तोंडात आडवा स्क्रू फिरतो, रस्त्यावरचा बर्फ मधोमध ओढतो, मागचा पंखा तो वर फेकतो, आणि वाकड्या पाइपातून पांढरी धार थेट कुंपणापलीकडे. मागे लख्ख मोकळा रस्ता. आई म्हणाली, "आपल्या चिखलाले हे काहून नाही चालनार?"

मी हसले. पण बाप्पा, नजर हटेना. ट्रॅक्टरची ताकद घ्यायची जागा, पीटीओ, तर मागे असते. मग हे पुढचं यंत्र फिरतं कशावर? आम्ही दोघी खाटेवर बसून तो व्हिडिओ थांबवून थांबवून, मागे नेऊन पाहत राहिलो. शेवटी आईनेच दाखवलं. ट्रॅक्टरच्या पोटाखालून एक लांब शाफ्ट मागून पुढे गेलेला. चहा राहिला तो राहिलाच.

नांदगावच्या वेल्डरला ती गोष्ट आधी येड्यासारखी वाटली, मग त्यालाही चस्का लागला. भंगारात पडलेल्या थ्रेशरचा स्क्रू आणि पंखा त्याने शोधून आणला. तोंड बनवलं, पाइप वाकवला. एकाच गोष्टीवर अडला. व्हिडिओतला म्हातारा स्क्रूला मुद्दाम कच्चा बोल्ट लावतो, दगड आला की बोल्ट तुटतो आणि यंत्र वाचतं. वेल्डरला हा स्वतःचा अपमान वाटला. माझ्या हातचं काम आणि तुटणार, असं कसं? त्याने दुकानातला सगळ्यात कडक बोल्ट ठोकला. पहिल्याच चाचणीत तोंडात दगड गेला, बोल्ट जागचा हलला नाही, आणि अख्खा शाफ्ट पिळला गेला. मग त्याने मुकाट्याने नवीन शाफ्ट घातला, कच्चा बोल्ट लावला आणि वर मूठभर बोल्ट आईच्या पिशवीत टाकून दिले.

पावसाळा लागला. आषाढात आईने यंत्र पाणंदीत घातलं, तेही भल्या पहाटे, उजाडायच्या आधी. मी आदल्या दिवशीच मुक्कामी आले होते. चिखल उडायचं नावच नाही. पोळीची कणीक हाताला लागावी तसा तो स्क्रूला गुंडाळला गेला. पाइप ठासून भरला. इंजिन बंद करायचं, काठीने पाइप कोरायचा, पुन्हा चालू करायचं, की पुन्हा तेच. एकदाच कसाबसा एक गोळा सुटला तो नेमका काकांच्या तुरीत जाऊन पडला. काका धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, येऊन म्हणाले, वयनी, तुमी हे काय करून राहिल्या?  ट्रॅक्टरवरून उतरून आई चिखलात तशीच उभी राहिली, मनगटापर्यंत हात बरबटलेले. तिचं तोंड एवढंसं झालेलं मी बाबा गेल्यावरही पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. अमरावतीच्या घरात तिची खोली मी रंगवून ठेवली होती.

पण ती सहजासहजी सोडणारी नाही. त्याच दुपारी तिने मला त्या परदेशी म्हाताऱ्याला लिहायला बसवलं. व्हिडिओखाली लोक लिहितात ना, तिथे लिही. त्याले विचार म्हणे, तुमच्या बर्फाले वाफसा असते का.

आता वाफसा कसा सांगायचा त्याला? पाऊस उघडल्यावर माती ना ओली ना कोरडी अशी एक वेळ येते. मुठीत दाबली तर गोळा होतो, पण बोटाने टिचकी मारली की भुरभुर सुटतो. आमच्याकडे सगळी शेतकी त्या वेळेवर चालते. तण काढायला डवरा तेव्हाच घालायचा, आधी नाही, नंतर नाही. एवढ्याशा शब्दासाठी मी इंग्रजीत मोठा परिच्छेद लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. लिहिताना स्वतःवरच चडफडत होते, की मी हे कोणाच्या विरुद्ध करतेय? माझ्याच. पण खोटं कशाला बोलू, उत्तर मलाही पाहिजे होतं.

उत्तर आलं. हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता, असं त्याने लिहिलं. आणि हो, असते तशी वेळ. पहाटेच्या कडक थंडीत बर्फ पिठासारखा कोरडा असतो, तेव्हा उडतो. ऊन चढलं की ओला होतो, मग चिकटतो, पाइप बंद करतो. म्हणूनच मी अंधारात ट्रॅक्टर काढतो. पाइपाला आतून तेल लावत जा, असंही त्याने सांगितलं.

मी वाचून दाखवलं. आई ऐकत राहिली आणि मग तिने कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, "त्याचं पाहून मीबी पहाटीच निघत होती. त्याचा वाफसा पहाटी येते, आपला उन्हात येते."

तिथून पुढे तिने पहाटेचा नाद सोडला. पाऊस उघडायची वाट पाहायची, दोन दिवस ऊन खाऊ द्यायचं, मग भर दुपारी पाणंदीत जाऊन मूठभर माती दाबून पाहायची. पाइपाला इंजिनातलं जळकं ऑइल चोपडायचं. फोनवर मी आधी तब्येत विचारायची ती आता मूठ काय म्हणते ते विचारायला लागले. कधी जमेना, कधी आभाळ भरून यायचं आणि केलेलं अर्धं वाहून जायचं. पण श्रावणातल्या एका उघाडीत तिने व्हिडिओ पाठवला. काळी माती धारेने उडत होती, आणि या वेळी पाइपाचं तोंड आमच्याच वावराकडे वळवलेलं. मागे खाली लालसर काहीतरी दिसत होतं. मी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मुरूम होता. मग काकाही धुऱ्यावरून नुसते पाहत राहिले नाहीत, त्यांनी आपल्या हद्दीपुढचा तुकडा तेवढा काढून मागितला.

पोळ्याच्या दिवशी मी निघाले. रात्री पाऊस झाला होता. पाणंदीच्या तोंडाशी गाडी थांबवून मी नुसतीच बसून राहिले. मला नक्की काय व्हायला पाहिजे होतं तेच कळेना. शेवटी पहिला गिअर टाकला. चाक एकदा घसरलं, दुसऱ्यांदा घसरलं, मग मुरुमाने पकड घेतली. दोन्ही बाजूंना काढलेल्या मातीचे बांध, मध्ये गाडीपुरती वाट. बैलगाडी फसली होती ती जागासुद्धा मागे पडली आणि मी आईच्या दारात पोचले.

मला रडू आलं. आनंदाचंही होतं आणि हरल्याचंही, आणि मला दोन्हींचा राग आला. ती ओसरीवर उभी होती. मी उतरता उतरताच म्हटलं, बरं बाई, जिंकली तू, राहा इथेच, मी पुन्हा कधी विषय काढणार नाही.

आई आत गेली आणि भरलेली पिशवी घेऊन बाहेर आली. मला काही समजेना. मी विचारलं, कुठे निघालीस?

"तुह्याच घरी. मी कदी येनार नाही म्हनलं होतं का? पावसाळ्यात एकदा बाहेर पडली असती तं वापस कशी आली असती? आता वापस येता येते. चाल, येतो."

एवढी वर्षं मी तिला फक्त न्यायचा रस्ता पाहत होते. तिने दाराला कुलूप लावलं, किल्ली पदराच्या टोकाला बांधली, काकांना धुऱ्यावरून आवाज देऊन घराकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसली. म्हणाली, परवा आणून सोडजो.