पाहुण्यांचे वय

जुन्या मालिकांच्या लोकप्रियतेचे आकडे हल्ली मोबाइलवर फिरत असतात. कोणती मालिका किती आठवडे पहिल्या क्रमांकावर होती, कोणत्या सासूने कोणत्या सुनेला मागे टाकले, याच्या याद्या माझे निवृत्त सहकारीही मला पाठवतात आणि खाली लिहितात, 'तेव्हा अख्खे घर एकत्र बसून पाहत असे.' मी प्रत्येकाला उत्तर लिहितो. हे आकडे कशाचे बनत, याचा मी साक्षीदार आहे, आणि तोही ऐकीव माहितीवरचा नव्हे. आकडे मोजणारे यंत्र जळगावच्या मेहरूण भागातल्या माझ्या घरात, बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या डोक्यावर बसवलेले होते. ते असतानाच माझ्या घरातले एकत्र बसणे संपले.

मी तेव्हा न्यायालयात शिरस्तेदार होतो आणि निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. धुळ्याहून एक मध्यमवयीन गृहस्थ काळी बॅग घेऊन आले. त्यांच्या कंपनीला काही निवडक घरांत असे यंत्र बसवायचे होते. सोबत एक रिमोट होता. घरातल्या प्रत्येकाला त्यावर एक क्रमांक. टीव्हीसमोर बसले की आपला क्रमांक दाबायचा, उठले की पुन्हा दाबायचा. बाहेरचे कोणी पाहायला बसले तर पाहुण्याचे बटण दाबून स्त्री की पुरुष आणि वय, हे भरायचे. यंत्र घरात का आहे, हे मात्र कुणालाही सांगायचे नाही. मी करारपत्र तीन वेळा वाचले, त्यातल्या दोन चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि मगच सही केली.

"साहेब, एवढं कोणी वाचत नाही," ते म्हणाले.

"वाचत नाहीत म्हणूनच आमच्याकडे खटले पडून आहेत," मी म्हणालो.

होकार देण्यामागे माझे एक कारण होते. रात्री आठच्या मालिकेविरुद्ध मी वाहिनीला चार पत्रे पोचपावतीसह पाठवली होती. तिच्यात आरोपी गीतेवर हात ठेवून शपथ घेत असे. उभ्या नोकरीत माझ्यासमोर असे कधी घडले नाही. एकाच सुनावणीत घटस्फोट मिळे. पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न लागे आणि त्याबद्दल कुणाला साधी नोटीसही निघत नसे. चार पत्रांना मिळून एक छापील उत्तर आले: प्रेक्षकांच्या भरभरून प्रेमाबद्दल आम्ही ऋणी आहोत. प्रेक्षक हाच त्यांचा पुरावा असेल, तर निदान माझ्या घरातून जाणारा पुरावा काटेकोर असावा, असे मी ठरवले.

ती मालिका माझी पत्नी पाहत असे. 'पाहत असे' हा शब्दही तितकासा बरोबर नाही. तिचे माहेर शिरपूरजवळच्या एका खेड्यातले. लग्न होऊन ती जळगावला आली, तेव्हा घरात शुद्ध बोलावे असा आग्रह मी धरला, आणि तिने तो पाळला. माझ्याशी ती वर्षानुवर्षे जपून, शब्द निवडून बोलत आली. आमच्या गल्लीत धुळे-शिरपूरकडून आलेल्या पाच-सहा बायका होत्या. आमचा टीव्ही मोठा म्हणून त्या रोज आठला निवडायची मेथी, सोलायचा लसूण घेऊन येत. पडद्यावर कोणी विष कालवत असे आणि इकडे सहा जणी अहिराणीत एकाच वेळी बोलत असत. त्या अर्ध्या तासात माझी पत्नी जशी हसे, तशी ती एरवी हसत नसे. आतल्या खोलीत पेपर वाचताना मला ते ऐकू येई.

यंत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी वही घेऊन बैठकीत आलो आणि सर्वांत वडील बाईंना विचारले, "अक्का, तुमचं वय किती?"

"काबरं नाना? मनासाठे स्थळ देखी राह्यनात का?"

बायका खिदळल्या.

"कारण सांगायला मला मनाई आहे."

"मंग लिखा सोळा."

"अंदाजे चालणार नाही, अक्का."

"मना बापनी कोठे लिखी ठेयेल शे ते?" त्या म्हणाल्या. मी पासष्ट लिहिले.

पत्नी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. "राहू द्या ना ते. बाया बसायला येतात, साक्ष द्यायला नाही."

मी तिला करारातले कलम वाचून दाखवले. त्यानंतर आठच्या ठोक्याला मी वहीतून वये पाहून एकेक पाहुणी भरत असे. नवी कोणी आली की विचारत असे. बायका मला हसत होत्या, पण येत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात तीन घरे सोडून राहणारी एक सून आपल्या सासूबरोबर आली. मी वय विचारले. तिने सासूकडे पाहिले आणि म्हणाली, "चौतीस."

आदल्या वर्षी या सुनेला नावातल्या दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र करायचे होते. माझ्या पत्नीने शब्द टाकल्यामुळे ती न्यायालयात मला भेटली होती आणि तिचा शाळेचा दाखला मी स्वतः तपासला होता. तारखा माझ्या लक्षात राहतात. न्यायाधीशही त्याचे कौतुक करत.

"चौतीस नाही," मी म्हणालो. "तुमच्या दाखल्यावर जन्मसाल आहे. त्याप्रमाणे सदतीस पूर्ण."

सासूच्या हातातला लसूण तसाच राहिला. "सदतीस? मना पोऱ्या तं पस्तीसना शे."

टीव्हीवर कोणाचे तरी रडणे चालू होते.

"लगीनमा तुना बापनी काय सांगं व्हतं?" सासूने सुनेला विचारले.

मी यंत्रात स्त्री, सदतीस, अशी नोंद केली. ती नोंद बरोबर होती, आणि ती करताना माझा हात थांबला नाही, हेही मला इथे नमूद केले पाहिजे. माझ्यावर विश्वासाने सोपवलेला कागद मी भर बैठकीत उघडा केला होता, हे माझ्या ध्यानातही आले नाही. कंपनीचे गुपित पाळण्यात मी इतका गुंतलो होतो.

दुसऱ्या दिवशी कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पत्नी एकटीच टीव्हीसमोर बसली, तिचा क्रमांक तिने दाबला. चौथ्या दिवशी आठला ती पायांत चपला घालताना दिसली. समोरच्या घरात नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या परिचारिका राहत. त्यांच्या बैठकीत बुद्धाच्या तसबिरीखाली एक लहान टीव्ही होता. बायका आता तिथे जमत.

"तिथे कोणी वय विचारत नाही," पत्नी म्हणाली आणि गेली.

मग मीच टीव्ही लावून बसू लागलो, काही अंशी मालिकेतल्या चुका टिपण्यासाठी. बसलो की नियमाप्रमाणे माझा क्रमांक दाबावा लागे. ज्या मालिकेविरुद्ध मी चार पत्रे लिहिली, तिचा माझ्या घरातला एकमेव नोंदणीकृत प्रेक्षक मी ठरलो. हे मी कंपनीला लेखी कळवले: या घरातली खरी प्रेक्षक आता दुसरीकडे पाहते, तेव्हा येथील नोंदी दिशाभूल करणाऱ्या आहेत.

धुळ्याचे गृहस्थ यंत्र काढून न्यायला आले. स्क्रू काढता काढता म्हणाले, "खरं तर तुमचं घर फार चांगलं होतं, साहेब. एका घरात सात-सात बायका कुठेच दिसत नव्हत्या. मालिका या भागात चढली, वरचे लोक खूश होते."

"माझ्या घरामुळे?"

"एक घर म्हणजे पुष्कळ घरं असतात साहेब आमच्या हिशेबात."

बायका आकड्यांतून दिसेनाशा झाल्या त्याच सुमारास मालिकेतला मेलेला नवरा परत आला. दोन्हींचा संबंध होता असे मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. पण लसूण सोलणाऱ्या, एकमेकींना टोमणे मारणाऱ्या त्या सात जणींना कुणीतरी दूरच्या कचेरीत 'भरभरून प्रेम' म्हणून मोजत होते आणि ते मोजून देणारा कारकून मी होतो, याचा संताप माझा अजून ओसरलेला नाही. आज त्याच आकड्यांना लोक सुवर्णकाळ म्हणतात.

मी त्या सासूबाईंना दिलगिरीचे पत्र लिहिले. सविस्तर, परिच्छेदांना क्रमांक देऊन, पोचपावतीसह. ते 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आले.

"तीन घरं पलीकडे राहतात त्या," पत्नी म्हणाली. "त्यांना टपालानं माफी?"

म्हणून दुसऱ्या दिवशी आठला मी समोरच्या घरी गेलो. ओट्यावरूनच अहिराणीतला हशा ऐकू येत होता. मी दारात उभा राहिल्यावर तो थांबला, पदर सावरले गेले. परिचारिकाबाई "या नाना, बसा" म्हणाल्या. मी उभ्यानेच बोललो. यंत्र गेले आहे, वही फाडली आहे, सर्वांनी पूर्वीसारखे आमच्याकडे यावे, माझ्याकडून मर्यादा सुटली.

सासूबाईंनी मला पूर्ण बोलू दिले. मग म्हणाल्या, "नाना, एकच सांगा. चौतीस का सदतीस?"

सून भिंतीशी बसली होती. तिने मान वर केली. माझी पत्नीही माझ्याकडे पाहत होती आणि तिला काय हवे होते ते मला कळत होते. आकडा दुसऱ्या कुणाचा होता, माझी गफलत झाली, एवढे एक वाक्य. त्या वाक्यावर सुनेचे घर सावरले असते आणि बायका परत आल्या असत्या. खोटी साक्ष मी आयुष्यात दिली नव्हती. त्या दिवशी द्यायला हवी होती, हे आज मी लिहून देतो.

"दाखल्यावर आहे ते आहे," मी म्हणालो.

पत्नीने तोंड टीव्हीकडे फिरवले.

सासूबाईंनी मान हलवली आणि आपल्या सुनेला थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारली. "ओ अक्का, नानाले पानी दे."

दोघी-तिघी हसल्या, माझी पत्नी हसली नाही. सून उठली, आत गेली आणि तांब्या-पेला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून ही हाक पहिल्यांदा ऐकल्यासारखे वाटले नाही. मी पाणी प्यायलो.

"तुमचं जेवण स्वयंपाकघरात झाकून ठेवलं आहे," पत्नी मला म्हणाली, शुद्ध भाषेत, एकेक शब्द नीट उच्चारून. "जेवून घ्या. मला यायला वेळ लागेल."