मिश्रीची डबी

"अमीनसाब, एक बात समजंना. म्हातारी म्हणायलीय, कानात घंटा वाजायल्यात. विषानं पोटात आग पडंल, कानात घंटा कशाला वाजतील?"

"वयानं वाजत असतील, जमादार. पण लिहून ठेवा."

आमच्या घराचं मागचं दार ठाण्याच्या ओसरीवर उघडायचं. त्या दाराआड पुस्तक घेऊन बसायची माझी सवय होती. वाचायचं कमी आणि ऐकायचंच जास्त. त्या दिवशी ठाण्यातले हवालदार, आमचे जमादारचाचा, जे बोलले ते अजूनही जसंच्या तसं ऐकू येतं, आणि ते बोलले नसते तर काय झालं असतं हा विचार आला की आजही अंगावर काटा येतो.

माझे वडील तेव्हा मानवतच्या ठाण्याचे अमीन, म्हणजे ठाण्याचे प्रमुख होते. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. एका मासिकाने त्यांच्या नोकरीतल्या आठवणी मागितल्या. सगळी नोकरी उर्दूत लिहिण्यात गेलेली, त्यामुळे ते सांगतात आणि मी मराठीत उतरवते. या प्रकरणाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. "हे तू लिही," म्हणाले. "मला अर्धंच ठाऊक आहे." नावं कुणाचीच द्यायची नाहीत, ही त्यांची अट इथेही पाळते.

मी हैदराबादेची इंग्रजी शाळा संपवून नुकतीच घरी आले होते. तिथे माझ्या मराठीला हसायचे, इथे माझ्या इंग्रजीचं कौतुक करून हसायचे. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं होतं.

त्या सकाळी दोन कोसांवरच्या एका गावाचे पोलीस पाटील बैलगाडी घेऊन ठाण्यावर आले. गाडीत एक म्हातारी, उलट्या करून करून गळून गेलेली. उलटीत काळपट रक्त होतं. गाडीमागून तिची सून चालत होती, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

"साहेब, हिनं सासूला मिश्रीतून विष चारलं," पाटलांनी खबर दिली. "शेजारनीनं डोळ्यानं बघितलंय, खलात पांढरं कायतरी कुटायलती. आन चार दिसापासून दोघींचं भांडन चालू हाय."

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूची पूड. आमच्या भागातल्या बाया ती दातांना चोळतात, घटकाभर तोंडात धरतात आणि थुंकून टाकतात. घरोघरी ती भाजण्याचं काम सुनेचं. म्हातारीच्या डबीतल्या काळ्या मिश्रीत पांढरे कण स्पष्ट दिसत होते. पंचनामा झाला. मिश्रीची डबी, दगडी खल आणि कोनाड्यातली तेलाची एक छोटी बाटली, असा मुद्देमाल आला. म्हातारीला मानवतच्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टर दौऱ्यावर गेलेले. कंपाउंडरने उलटी पाहिली आणि संखिया, म्हणजे सोमल, असावा असं सांगितलं. डॉक्टर परतल्यावर खात्री होईल, हेही तो म्हणाला. पण गावात पसरला तो फक्त संखिया.

वडिलांनी स्वतः जाऊन म्हातारीचा जबाब घेतला. "सुनेनं कुटून दिलं का?" असं तीनदा मोठ्यानं विचारलं, तेव्हा तिने मान हलवली. ती धापा टाकत होती, घामाने भिजली होती. बाकी कुठल्याही प्रश्नाला तिने उत्तर दिलं नाही. जबाबात लिहिलं गेलं: सुनेनं कुटून दिल्याचं कबूल.

बाईमाणसाची चौकशी करताना घरातली एखादी बाई जवळ बसवायची, ही वडिलांची पद्धत. एरवी आई बसायची. ती माहेरी गेली होती, म्हणून मला बोलावलं. मी भिंतीला टेकून बसले. सून माझ्याच वयाची असावी. तिच्या बोटांना मिश्रीचा काळा रंग होता, नखांपर्यंत.

वडील "विष का दिलंस?" असं कधी विचारत नसत. दिवस उजाडल्यापासून काय काय केलं ते विचारायचे. खोटं बोलणारा मुख्य गोष्ट पाठ करून येतो आणि बारीकसारीक गोष्टींत अडखळतो, असं त्यांचं म्हणणं.

"उठल्यावर काय केलंस, पोरी?"

"शेन काढलं. पानी भरलं. आत्याबाईची दाढ लय ठनकायलती, मग त्यायला गरम पानी दिलं."

"आत्याबाई म्हणजे सासू?"

"हौ."

"मग?"

"त्यायच्या भावानं गोळ्या आनून दिल्त्या, बाटलीतल्या. पयल्या दिवशी एक पान्यासंगं घेतली तर उतार पडला. दुसऱ्या दिवशी पुन्ना ठनका. मग आत्याबाई म्हनल्या, पोटात कशाला घालू, दुखतंय दाढंला. सगळ्या कुट आन मिश्रीत कालव, जिथं दुखतंय तिथंच लावते."

"आणि तू कुटल्यास?"

"त्यायनीच सांगितलं की. म्या म्हनलं, आत्याबाई, इतक्या नका. तर म्हनल्या, तुझ्या बापानं आनल्यात का? त्यावरूनच भांडन झालं."

जमादारचाचा मिशीत हसले. वडील हसले नाहीत.

"सासू मिश्री किती वेळा लावायची?"

"दाढ ठनकली की. बसता उठता. आन थुकायच्या न्हाईत. म्हनायच्या, मिश्री थुकावं, औषध कुनी थुकतं का?"

हे सगळं तिने एका लयीत सांगितलं, कुठेही अडखळली नाही. वडिलांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, त्यांना पटतंय. त्यांनी म्हातारीच्या भावाला बोलावलं. तो मानवतच्याच कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, बहिणीच्या उशाशी बसून होता. डोळे लाल झालेले.

"गोळ्या म्याच दिल्या, साहेब. पर त्या औषधाच्या! मी सोता घेतो डोकं दुखलं की. दुकानात कुनालाबी भेटतात, चिठ्ठी लागत न्हाई, काही न्हाई. औषधानं कोन मरतं का? हिनं त्यात दुसरंच कायतरी घातलंय." सुनेकडे न बघता तो बाहेर गेला.

इथे प्रकरण अडलं. गोळ्या औषधाच्या, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. मग म्हातारी मरायला का टेकली? म्हणजे दुसरं काहीतरी मिसळलेलंच असणार. वडिलांनाही याहून वेगळं सुचेना. दुपारच्या गाडीने सुनेला परभणीला नेऊन कोर्टात हजर करायचं ठरलं. "म्हातारी वाचली तर बघू," वडील जमादारचाचांना हळूच म्हणाले. "पण ती गेली, तर हिला खुनाच्या गुन्ह्यातून काढणं माझ्या हातात राहणार नाही." ते कागद तयार करायला आत गेले.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. चाचा दारात उभे. मग ती पदराआडून म्हणाली, "ताई, तुमी इंग्रजी शिकल्यात म्हनं."

मी मान हलवली.

"त्या तेलाच्या बाटलीवर कागद हाय, त्येच्यावर इंग्रजीच असंल. गोळ्या त्याच बाटलीत होत्या. रिकामी झाली तशी म्या धुतली आन तेल भरलं. चांगली बाटली, फेकायची कशाला? बघा की, काय लिव्हलंय."

तेलाची ती बाटली तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून जप्त झाली होती. ती आता मला तीच वाचायला सांगत होती. मी चाचांकडे पाहिलं. "देख लो बेटी, हात नको लावू," ते म्हणाले आणि बाटली स्वतः उजेडात धरली.

तेलाने कागद पारदर्शक झाला होता, पलीकडची अक्षरंही दिसत होती. वर गोळ्यांचं नाव मोठ्या अक्षरांत. ते मी ओळखलं. शाळेच्या वसतिगृहात डोकं दुखलं की मेट्रन कुलपातून हीच गोळी काढायच्या, एकच द्यायच्या आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. एकदा एका मुलीने आणखी मागितल्या, तर मेट्रन म्हणाल्या होत्या, "जास्त घेशील तर कानात घंटा वाजतील." आम्हाला ते घाबरवणं वाटलं होतं.

खालची अक्षरं मुंगीएवढी होती. एका वेळी एक, फार तर दोन. चार तासांच्या आत पुन्हा घेऊ नये. दिवसभरात सहाच्या वर नको. पोटाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला सगळं कळलं होतं, पण बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं होतं. मी उठले, एका चिठ्ठीवर मराठीत सगळं लिहिलं, खाली लिहिलं "कानातल्या घंटा यामुळेच", आणि आत जाऊन वडिलांसमोर ठेवली.

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "खलात किती गोळ्या कुटल्यास, पोरी?" त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

"सगळ्या, साहेब. बाटली भरून होती. एकच काढल्ती तिच्यातली."

वडील टोपी घालता घालता थांबले. "भाऊ अजून म्हातारीजवळ आहे ना? तिला दुखतंय म्हणून..." ते माझ्याकडे वळले. "चल तू माझ्याबरोबर."

दवाखाना ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर होता. आम्ही पोचलो तेव्हा भाऊ वाटीतल्या दुधात काहीतरी विरघळवत होता. शेजारी नवी बाटली, तसंच लेबल. कंपाउंडर दुसऱ्या रोग्याकडे होता. वडिलांनी वाटीवर पालथा हात ठेवला.

"दाढ अजून ठनकायलीय तिची," भाऊ म्हणाला. "निदान तेवढं तरी थांबू द्या."

"वाच," नवी बाटली माझ्या हातात देत वडील म्हणाले.

समोर पोलीस पाटील, भाऊ, कंपाउंडर, गावातली चार माणसं. मी वाचायला लागले तर माझा आवाज मलाच ऐकू येईना. वडील खाली वाकले. मी त्यांच्या कानात एकेक वाक्य सांगत गेले आणि ते मोठ्याने म्हणत गेले. त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली नाही. वाटलं असतं तर कंपाउंडरला वाचायला देऊ शकले असते. प्रत्येक वाक्याआधी "मुलगी म्हणते" एवढं मात्र ते जोडत होते.

कंपाउंडरचा चेहरा उतरला. त्याने नवी बाटली माझ्याकडून घेऊन कपाटात ठेवली आणि कपाट लावलं. "मला गोळ्यांचं कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं. आम्हीच त्याला फक्त मिश्रीचं विचारलं होतं.

भाऊ वाटी घेऊन तसाच बसला होता. "म्हंजे मीच का, साहेब?"

वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही औषधच दिलंत. किती घ्यायचं ते तुम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं."

दुपारच्या गाडीने परभणीला गेली ती म्हातारी, मोठ्या दवाखान्यात. तिच्याबरोबर वडिलांनी नवी बाटली, चिठ्ठी आणि सून पाठवली. सून आरोपी म्हणून नाही, सेवेला म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी नंतर वडिलांना समजावलं: गोळी चांगलीच, पण मापाबाहेर गेली की पोटातून रक्त येतं, कानात वाजतं, ऐकू येईनासं होतं, श्वास धावतो. आणखी एक-दोन दिवस गेले असते तर हाती काही राहिलं नसतं. म्हातारी प्रश्नांना उत्तर देत नव्हती ती रागाने नव्हे. तिला ऐकूच येत नव्हतं. तिने मान हलवली ती खरीच होती. सुनेनं कुटून दिलंच होतं. कुणाच्या सांगण्यावरून, एवढंच आम्ही विचारलं नव्हतं.

आठवड्याभरात म्हातारीला ऐकू येऊ लागलं. दाढ तिथेच काढली. दोघी परतताना ठाण्यावर आल्या. म्हातारी ओसरीवर बसून वडिलांवर करवादली, "माज्या सुनंला ठान्यात बसवून ठिवलं म्हनं! लाज न्हाई वाटली तुमाला?" वडिलांनी हात जोडले. सून मात्र थेट माझ्याकडे आली.

"ताई, ती बाटली देता का? तेलाला बरी हाय."

मुद्देमालाची नोंद बंद झाल्यावर वडिलांनी ती तिला परत केली, लेबलासकट. लेबल काढायचं नाही, एवढंच सांगितलं.

वडील म्हणतात, विष कुणी घातलं हे शोधायला त्यांना सगळे शिकवत आले. औषध जास्त झालं तर काय होतं, हे त्या दिवशी दोन मुलींनी शिकवलं. त्यातली एक मी, असं ते धरतात. मी धरत नाही. मला वाचता येत होतं, पण वाच असं सांगितलं तिने. स्वतःवर बालंट असताना तिने विचारलं नसतं, तर मी भिंतीला टेकून गप्पच राहिले असते. चाचांनी घंटांची गोष्ट वेडगळ म्हणून सोडून दिली नाही, वडिलांनी ती लिहून ठेवायला लावली. या तिघांची मी ऋणी आहे, आणि हे त्यांना तोंडाने अजून सांगितलेलं नाही. म्हणून इथे लिहिते.

गेल्या पौषात आई आणि मी बाजारात गेलो होतो. किराणा दुकानापुढे एक पोक्त बाई गुडघे चोळत उभी होती. दुकानदाराने तसलीच बाटली तिच्या हातात ठेवली. "दुखलं की घेत जा, मावशी. लय गुणाचं औषध हाय." दुकानात आठदहा गिऱ्हाइकं होती, बहुतेक पुरुष. आईने माझा दंड धरला, कारण मी पुढे झाले होते.

"मावशी, एका वेळी एकच, फार तर दोन. मध्ये चार तास जाऊ द्या आणि दिवसात सहाच्या वर नाही. कानात वाजायला लागलं तर बंद करून तडक डॉक्टरकडे जा. थांबा, या बाटलीवर काय लिहिलंय ते सगळं वाचून दाखवते."