भट्ठेवाला जिंकेल की कुएँवाला

मी ते कॉमिक फाडलं तेव्हा अकरा वर्षांचा होतो, आणि चूक सगळी माझी होती.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बाबांची बदली झाली आणि आम्ही मिरजेहून लखनौला, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहायला गेलो. बाबा ऑफिसात रमले. मला शेजारच्या क्वार्टरमध्ये माझ्याच वर्गातला मित्र मिळाला, त्यामुळे सहा महिन्यांत मी घरातसुद्धा हिंदीत उत्तरं द्यायला लागलो. आई मात्र अडकून पडली. ती तासगावजवळच्या एका खेड्यातली. हिंदी सिनेमे पाहिलेले, त्यामुळे समजायचं सगळं, पण तोंड उघडायची वेळ आली की तिची जीभ जड व्हायची. भाजीवाल्या भैयाला ती बोटांनीच किलो-अर्धा किलो दाखवायची. थंडीच्या दिवसांत कॉलनीतल्या बायका दुपारी लॉनवर उन्हात बसायच्या, मटार सोलायच्या, स्वेटर विणायच्या. आईही जायची, पण आपली चटई जरा लांब टाकून बसायची. कुणी काही विचारलं की हसायची आणि मान हलवायची.

मला आणि माझ्या मित्राला तेव्हा कॉमिक्सचं वेड लागलं होतं. बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांच्या टपरीत सुतळीवर कपडे वाळत घालावेत तशी कॉमिक्स चिमट्यांनी टांगलेली असायची, आणि ती दिवसाला ठराविक भाड्यानं मिळायची. त्यातल्या दोन मालिका आम्ही एकही भाग न चुकवता वाचत होतो. एकीत वीटभट्टीत जळून मेलेल्या मजुराचा राक्षस झालेला होता. त्याच्या पोटात कायम आग असायची आणि तो चालला की पावलांच्या जागी विटा भाजल्या जायच्या. दुसरीत एका बुजवलेल्या विहिरीतून वर आलेला आठ हातांचा शेवाळी प्राणी होता. तो कधी धावायचा नाही, ओरडायचा नाही, नुसता पसरत यायचा. दोघांचीही छापील नावं लांबलचक होती. आम्ही त्यांना भट्ठेवाला आणि कुएँवाला एवढंच म्हणायचो.

मित्र भट्ठेवाल्याचा, मी कुएँवाल्याचा. दोघांची लढाई झाली तर कोण जिंकेल, यावर आम्ही शाळेत जाताना भांडायचो, येताना भांडायचो, आणि घरी आल्यावर मधल्या भिंतीवर बसून पुन्हा भांडायचो. एका संध्याकाळी मित्रानं टपरीवरून नवाकोरा अंक भाड्यानं आणला. त्यात भट्ठेवाला एक अख्खं तळं आटवून टाकतो असं चित्र होतं. ते माझ्या नाकासमोर धरून तो म्हणाला की आता तुझ्या कुएँवाल्याची वाफ होणार. मला काय झालं कोण जाणे, मी ते पान धरून ओढलं. एक नाही, चार पानं निघाली आणि त्यांचे तुकडे झाले. मित्र खाली वाकला. तुकडे गोळा करून माझ्या हातात ठेवले आणि घरी निघून गेला.

आईनं मला रागावून घेतलं, मग गव्हाच्या पिठाची खळ केली आणि तुकडे जुळवायला बसली. चित्रावरून सगळं जुळत नव्हतं, म्हणून ती अक्षरं वाचून जुळवायला लागली. लिपी आपलीच, त्यामुळे वाचायला अडचण नव्हती. "'भागो, वह इधर ही आ रहा है', याच्या पुढचा तुकडा शोध," असं ती मला सांगायची. चार पानं चिकटवायला तिला तासभर लागला. ती झाल्यावर तिनं कॉमिक पहिल्या पानापासून उघडलं आणि शेवटपर्यंत वाचलं. शेवटी नेहमीप्रमाणे गोष्ट ऐन रंगात तुटली होती.

"याचा पुढचा भाग कधी येतो?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, आता मला कोण देणार. चाचा फाडणाऱ्या मुलांना टपरीवर उभं करत नसत. दुसऱ्या दिवशी आई स्वतः माझ्याबरोबर टपरीवर आली. चाचांसमोर ते चिकटवलेलं कॉमिक ठेवलं, हात जोडले, आणि बराच वेळ शब्द शोधून म्हणाली, "बच्चा है. गलती किया. आगे का दीजिए." चाचांनी खळीचे जोड बोट फिरवून पाहिले. मग त्यांनी चिमटा काढून पुढचा भाग दिला, पण माझ्या नाही, आईच्या हातात.

मित्र माझ्याशी बोलत नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी आई लॉनवर तो भाग वाचत बसली होती. मित्राच्या आजी, ज्यांना सगळी कॉलनी दादी म्हणायची, मटार सोलत होत्या. सत्तरी उलटलेल्या, पांढरी सुती साडी, जवळ पानाचा डबा. मलिहाबादकडच्या आमराईत वाढलेल्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण बोलायला लागल्या की ऐकत राहावंसं वाटायचं. नातू सारखं भट्ठेवाला भट्ठेवाला करतो तो कोण, हे त्यांना हवं होतं, आणि नातू धड सांगत नव्हता. त्यांनी आईला हाक मारली, "दुल्हिन, ज़रा ज़ोर से पढ़ो. हम भी सुनें."

आईनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिलं पान अडखळत गेलं. ती 'ज़हर'ला आपला झोपडीतला झ लावायची, आणि दादी मटार थांबवून म्हणायच्या, "झहर नहीं बिटिया, ज़हर. जीभ हल्की रखो." आई पुन्हा म्हणायची. एखादा शब्द कळला नाही की ती दादींकडे पाहायची, आणि दादी एका शब्दाच्या अर्थासाठी आपल्या माहेरची एक अख्खी हकीकत सांगायच्या. तो भाग संपायला दोन दुपारी लागल्या. तिसऱ्या दुपारी आईची चटई दादींच्या खाटेला टेकून पडलेली मी पाहिली.

आमचं भांडण मग आपोआपच मिटलं, कारण आम्हा दोघांना मिळून टपरीवर पळवलं जायला लागलं. दादींना भट्ठेवाल्याचा आणि आईला कुएँवाल्याचा नवा अंक कुणी आणायचा, यावर राग धरून बसणं शक्य नव्हतं.

दादी पहिल्यापासून भट्ठेवाल्याच्या बाजूच्या होत्या. त्यांच्या गावाबाहेर विटांचा भट्ठा होता. त्या सांगायच्या की भट्ठा एकदा पेटला की महिनोन्‌महिने आत धुमसत असतो, वरून पाऊस पडो की गारा. आई कुएँवाल्याची. तिचं म्हणणं असं की भट्टीला रोज कुणीतरी कोळसा घालावा लागतो, विहिरीला कुणाचं काही लागत नाही. हे तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो. तिला हिंदीत सलग इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "भट्टी को रोज खिलाना पड़ता है, अम्माजी. एक दिन नहीं खिलाया, तो खतम. कुआँ बैठा रहेगी. उसको क्या जल्दी है?"

'बैठा रहेगी' ऐकून दोन बायका हसल्या. आई लाजली आणि गप्प होणार होती, पण दादींनी त्या बायकांकडे लक्षच दिलं नाही. त्या विचारात पडल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, की पण कोळसा घालणारे आम्हीच की, आम्ही उपाशी ठेवू का त्याला? मग आईनं त्यावर उत्तर दिलं, दादींनी त्यावर, आणि ऊन भिंतीवर चढेपर्यंत ते चाललं. हळूहळू विणकाम करणाऱ्या बायकाही बोलायला लागल्या. बाबा ऑफिसातून आले तर दार बंद, चहा नाही. ते लॉनवर आले, उभ्या उभ्या सगळं ऐकलं आणि म्हणाले की शास्त्रीयदृष्ट्या पाहता पाण्याचं वजन किती आहे यावर सगळं अवलंबून आहे. दादींनी त्यांना नम्रपणे सांगितलं की तुम्ही अजून एकही अंक वाचलेला नाही.

दोन हिवाळे असे गेले. मित्र आणि मी मध्येच क्रिकेटकडे वळलो. कॉमिक्स आम्ही आणून द्यायचो, पण पूर्वीसारखी वाचायचो नाही. आई आणि दादींचं मात्र सुटलं नाही. आईची हिंदी सुधारली होती, आणि त्यात 'मैं'ऐवजी दादींचा 'हम' आला होता. भाजीवाल्याशी ती आता चांगली घासाघीस करायची.

मग एकदा चाचांनी आम्हाला बोलावून सांगितलं की जाडा विशेषांक येतोय, त्यात दोघे समोरासमोर. तो आला त्या दिवशी आईनं सकाळीच स्वयंपाक उरकला. लॉनवर सात-आठ बायका जमल्या. आई वाचत होती आणि दादी डोळे मिटून ऐकत होत्या. चाळीस पानं दोघे लढले. एकदा हा वरचढ, एकदा तो. आणि मग आकाशातून कुणीतरी तिसराच दुष्ट उतरला, या दोघांनी हातमिळवणी केली, त्याला हरवलं आणि आपापल्या वाटेनं निघून गेले.

आईनं अंक मिटला. दादींनी डोळे उघडून विचारलं, "बस?"

"बस, अम्माजी."

"ये तो बेईमानी हुई."

त्या खरंच संतापल्या होत्या. शेवटच्या पानावर पत्ता होता. त्यांनी माझ्याकडून पोस्टकार्ड मागवलं आणि आईला लिहायला बसवलं. ते पत्र मला जवळपास पाठ आहे, कारण आईनं ते टाकण्याआधी तीनदा वाचून दाखवलं होतं. "हमारी उम्र बहत्तर बरस है. हमारे पास इतना वक्त नहीं कि आप बात को गोल-गोल घुमाएँ. साफ़ बताइए कि जीता कौन." खाली आईनं दादींचं नाव लिहिलं, आणि दादींनी त्यावर अंगठा टेकवला. शाई नव्हती, पानातल्या काताचा लालसर ठसा उठला.

महिन्याभरानं उत्तर आलं. छापील होतं. 'प्यारे नन्हे दोस्त' अशी सुरुवात, मन लावून अभ्यास कर आणि आईबाबांचं ऐक असा उपदेश, आणि सोबत भट्ठेवाल्याचं एक स्टिकर. आई घाबरत घाबरत वाचत होती, दादींना वाईट वाटेल म्हणून. दादींनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. "नन्हे दोस्त," त्या म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की सुनेला पाणी घेऊन धावत यावं लागलं. स्टिकर त्यांनी पानाच्या डब्याच्या झाकणावर चिकटवून घेतलं. कुणी पाहुणा आला की डबा असा पुढे सरकवायच्या की ते दिसलंच पाहिजे.

मी आठवीत असताना बाबांची बदली पुन्हा महाराष्ट्रात झाली. निघायच्या आदल्या दुपारी आई दादींना भेटायला गेली, मी सोबत होतो. दादी थकल्या होत्या, त्या हिवाळ्यात लॉनवर फारशा आल्या नव्हत्या. आईनं त्यांच्या पाया पडून थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून घेतलं. उठताना तिनं दादींचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अम्माजी, हम मान गए. भट्ठेवाला ही जीतेगा."

दादींनी हात सोडवून घेतला. "जाते बखत झूठ मत बोलो, दुल्हिन," त्या म्हणाल्या. "अपनी बात पर रहो." मग पदरानं डोळे पुसले आणि सुनेला सांगून आईसाठी आवळ्याच्या लोणच्याची बरणी आणवली.

गाडीत झाशीच्या पुढे आईनं मला डबा वाढला. मी विचारलं, दादींना बरं वाटावं म्हणून तसं म्हणालीस ना?

"नाही रे," ती म्हणाली. "मला तर आधीपासूनच तसं वाटायचं. मी लहान असताना दुष्काळ पडला होता, तेव्हा आमच्या मळ्यातली विहीर आटली. तळाचा खडक उघडा पडलेला मी पाहिलाय. विहीर काही कायमची नसते."

मग इतकी वर्षं भांडलीस कशाला, असं मी विचारलं. तिनं पोळीचा तुकडा मोडला.

"भांडले नसते तर त्यांच्याशी बोलले काय असते?" ती म्हणाली. "मला दुसरं येत काय होतं तेव्हा?"

मग तिनं बरणीचं झाकण उघडलं आणि माझ्या पानात लोणच्याची एक फोड घातली. लोणचं चांगलंच तिखट होतं.