पुण्याहून आलेला नकार

सात वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही. चूक माझीच होती, आणि ती मी समजून-उमजून केली.

नांदूरघाटच्या बाजूला आम्ही शेतकऱ्यांची एक कंपनी काढली होती. डोंगरातल्या सीताफळांचा गर काढायचा, गोठवायचा, विकायचा. मी अध्यक्ष. पुण्याचा एक आईस्क्रीमवाला सगळा माल घेणार, असं मी सांगत होतो. तसं ठरतही आलं होतं — तोवर मी खोटा नव्हतो.

सभेच्या दिवशी सकाळी त्याचं पत्र आलं. गर काळा पडतो, घेणार नाही. मी ते घडी करून खिशात घातलं आणि सभेत उभा राहिलो.

मागून कुणीतरी म्हणालं, "अध्यक्ष, पुण्याची गाडी येणार हाय का नुसता हॉर्नच ऐकायचा?" सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, बोलणी पक्की होत आलीत, दिवाळीआधी माल उचलतील.

गयाबाई पुढंच बसली होती. ती आणि तिचा नवरा दर साली ऊसतोडीला जायचे. "मंग औंदा मुकादमाला न्हाई म्हणते," ती म्हणाली. "पोरगी धाव्वीला हाय. हितंच गर काढू."

तेव्हा तरी बोलायला नको होतं का? मी मान डोलावली.

गर विकला गेला नाही. गावच्या ऊसतोडीच्या टोळ्या कधीच निघून गेल्या होत्या. जानेवारीत ती दोघं परक्या टोळीत गेली, पोरीला घेऊन. तिची परीक्षा बुडाली, ती कायमची. आता ती स्वतःच कोयता धरते.

धंद्यात आशा दाखवावीच लागते — असं मी स्वतःला सांगत राहिलो. एकदा केजच्या वकिलाला, दुसऱ्याची गोष्ट म्हणून, विचारलंही. तो म्हणाला, "अंदाज चुकला तर गुन्हा नाही. बोलताना खरं ठाऊक असून लपवलं का, ते बघतात."

मला ठाऊक होतं. सकाळपासून.

गेल्या महिन्यात गयाबाईच्या दारात गेलो, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "मला एकलीला काय सांगता, भाऊ? खोटं सभेत बोललाव. सभेतच सांगा."

परवाच्या सभेत उभा राहिलो. म्हणालो, "त्या साली माझा अंदाज चुकला नव्हता. नकार आलेला होता, तो मी लपवला. गयाबाई, तुमच्या पोरीची शाळा माझ्यामुळं सुटली. मी माफी मागतो."