घराची शांती

शांती हा शब्द मला अजून धड ऐकवत नाही. कुणी व्यासपीठावर उभं राहून शांती, बंधुभाव असं सुरू केलं की मी पदर सावरते आणि बाहेर जाऊन बसते. घरातले म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलं. डोकं जागेवर आहे, राग आहे तो. आणि तो का आहे ते मला नीट आठवतं.

तामलवाडीच्या अंगाला आमचं गाव. गावाबाहेर माळावर दोर वळणाऱ्यांची आमची वस्ती, आणि वस्तीच्या कडेला मिशनचं प्रार्थनाघर. मी याच वस्तीतली. सोलापूरला सिस्टरांकडे शिकले आणि परत येऊन मिशनच्या शाळेत मुलांना शिकवू लागले. आमचे फादर परदेशातले. माणूस सरळ, पायी हिंडणारा, आजाऱ्याच्या उशाशी तासन् तास बसणारा. मराठी मात्र पुस्तकातलं. वेठीला नेलेल्या माणसांसाठी ते निजामाच्या तहसीलदारापुढे जाऊन भांडायचे तेही असल्याच मराठीत. तहसीलदाराला उर्दूशिवाय काही कळायचं नाही, पण गोरा माणूस चिडलाय एवढं कळायचं आणि कधीकधी माणसं सुटायची.

फादरांची एक सवय होती. कोणत्याही घरात शिरताना, मग ती कुडाची झोपडी का असेना, ते उंबऱ्यात मान वाकवायचे आणि म्हणायचे, “या घराला शांती असो.” त्यांच्या धर्मगुरूंची ती रीतच होती. आमच्या भागात मात्र शांतीचा अर्थ ठरलेला. पोर मूळ नक्षत्रावर जन्मलं की शांती, आढं मोडलं की शांती, घरात काही वाईट घडलं की शांती केल्याशिवाय तिथं चूल पेटवायची नाही. त्यामुळे फादर घरोघर फुकटात शांती करतात असं लोक समजून चालले. त्यात एका बाळंतिणीचा ताप फादर येऊन गेले त्याच दिवशी उतरला. झालं. गावातल्या बायकाही बोलू लागल्या की शांती करणाऱ्या जंगमापेक्षा गोऱ्याची शांती कडक. मी फादरांना सांगितलं, हे लोकांना समजावून द्या. ते नुसते हसले.

मग ते साल आलं. आधी रझाकारांनी गावं नासवली. आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याची कडब्याची गंज त्यांनी पेटवली आणि तो बायकापोरांसह सोलापूरकडे पळाला. त्याचं नाव घेऊन मी तोंड विटाळणार नाही. पुढं हिंदुस्थानचं लष्कर आलं, निजामाचं राज्य गेलं. आम्हीही त्या दिवशी हलगी वाजवली, कारण वेठ संपणार होती. पळालेले परत आले. आणि ज्यांनी गंज पेटवली ते केव्हाच पसार झालेले असल्यामुळे गावानं आपला राग हाताशी होता त्याच्यावर काढला.

हाताशी होता गावातला मुसलमान पिंजारी. गावातल्या प्रत्येक गादीतला कापूस त्याच्या धनुकलीखालून गेलेला. रझाकारांनी बोलावलं तेव्हा तो पोटदुखीचं निमित्त करून घरात झोपून राहिला होता, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी त्याला त्याच्या अंगणात मारला. कुणी मारला ते मी सांगू शकते, पण तेव्हा कुणी विचारलं नाही आणि आता ऐकणारं कुणी उरलं नाही.

त्याची बायको कडेवरच्या पोरीला घेऊन माळावर आली. आम्ही तिला चाची म्हणायचो. फादरांनी तिला प्रार्थनाघरात ठेवलं. वस्तीतली बाप्ये माणसं कुऱ्हाडी घेऊन बाहेर बसली. ज्यांना गावानं कधी पाणवठ्यावर पाय ठेवू दिला नाही, ती माणसं गावच्या लेकीबाळीसाठी गावाच्या विरुद्ध बसली होती. याचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आताही आहे.

पंधरवडा उलटायच्या आत तो गंजवाला पिंजाऱ्याच्या घरात राहायला गेला. माळवदाचं चांगलं घर, मागं कडुनिंब. त्याचं म्हणणं, माझं नुकसान झालं, हे घर त्याची भरपाई. पाटील म्हणाला, बरोबर आहे. तुझी गंज पिंजाऱ्यानं पेटवली होती का, हे त्याला एकानंही विचारलं नाही.

पण त्याला घर लाभेना. बायकोला झोप नाही, म्हातारी आई अंगणात पाय टाकायला तयार नाही. शांती करायला त्यानं जंगमाला बोलावलं. जंगम म्हणाला, रगत सांडलेल्या घरात मी यायचा न्हाय. तेवढी लाज त्याला तरी होती.

इकडे चाची रोज एकच विचारायची, “बाई, माझं घर कवा मिळंल?” तिला माहेर उरलं नव्हतं. ते घर गेलं तर पोरीला घेऊन कुठल्या तरी शहरात भीक मागणं, एवढंच तिच्यापुढं होतं. शेवटी मी आणि फादर घर मागायला गेलो, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत.

गंजवाला दारातच उभा होता, वाट बघत असल्यासारखा. गोड आवाजात म्हणाला, “या फादर, आत या, बसून बोलू.” मी पाऊल उचललं तशी त्याची आई ओरडली, “तू भायेरच थांब गं.” चोरलेल्या घराचा उंबरा, आणि तो माझ्यानं विटाळणार होता. मी थांबले. फादर एकटेच पुढं झाले, मान वाकवली आणि सवयीनं बोलून गेले, “या घराला शांती असो.”

आतून नारळ फुटल्याचा आवाज आला. दाराआड त्याची बायको नारळ घेऊन तयारच होती. आई कुंकवाचा करंडा घेऊन धावली, गल्लीत गूळ वाटला गेला. फादर मध्ये उभे राहून “मी घराविषयी बोलण्यास आलो आहे” असं काही म्हणत होते, ते कोण ऐकतंय? पाटील पारावरून उठून आला आणि मला म्हणाला, “तुमच्याच फादरनं शांती केली. आता वाद कसला राह्यला?” मी म्हणाले, “पाटील, घर चाचीचं हाय.” तो म्हणाला, “व्हतं.”

माळावर परतताना मी फादरांना जे बोलले ते एखाद्या बाईनं धर्मगुरूला बोलायचं नसतं. तुमच्या शांतीनं चोरीवर शिक्का मारला, मी म्हणाले. ती केवळ प्रार्थना होती, असं ते पुटपुटले. मी म्हणाले, तुमच्यासाठी प्रार्थना, त्यांच्यासाठी ती खरेदीखतासारखी झाली. त्यांचा चेहरा पडला. पडू दे, असंच मला वाटलं.

चाचीला सांगायची पाळी माझ्यावर आली. ती पोरीची वेणी घालत होती. ऐकून घेतलं, वेणी पुरी केली आणि फादरांकडे वळून म्हणाली, “दिली तशी परत घ्या की.”

 फादर चपला घालून निघाले, आणि या वेळी सगळी वस्ती त्यांच्या मागं निघाली, बाया, बाप्ये, सगळी. फादर त्या उंबऱ्यापाशी थांबले, आत गेले नाहीत. आपल्या त्या पुस्तकी मराठीत, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “मी या घराला दिलेली शांती परत घेत आहे. ती घराच्या मालकिणीची आहे.” मग चपला काढल्या, एकमेकींवर आपटून धूळ झाडली आणि माघारी वळले.

 म्हातारीनं तिथंच बसकण मारली. दिलेली शांती कुणी परत नेल्याचं त्या गावानं कधी ऐकलं नव्हतं. फादरांनी शाप दिला अशी बोंब झाली, आणि आठवडा उलटायच्या आत त्यानं घर सोडलं.

लोक हे पुढं कौतुकानं सांगायचे, फादरांचा चमत्कार म्हणून. चमत्कार कसला डोंबलाचा? घर तिचं आहे म्हणून कुणी सोडलं नाही. विधवेचा घास हिसकावताना ज्यांना काही वाटलं नाही, ते धूळ झाडल्यावर घाबरले. न्याय कुणाला नकोच होता. पिंजाऱ्याला मारणारे तर पारावर बसून तंबाखू मळत राहिले, आणि त्यांना पाहून वाट बदलायची ती चाचीनंच.

आम्ही चाचीला घरी पोहोचवायला गेलो तेव्हा दिसलं, जाताना त्यानं दार चौकटीतून उखडून नेलं होतं. आत धनुकली मोडून टाकलेली. गल्लीतली माणसं आपापल्या ओट्यावरून बघत होती. फादर पुढं झाले, मान वाकवली, आणि त्यांच्या तोंडून ते शब्द निघणार तोच चाचीनं हात आडवा केला.

“शांती ऱ्हाऊ द्या, फादर,” ती म्हणाली. “मला दार पायजे. आत पोर निजवायचीय.”

 मी वस्तीतल्या दोघांना हाक मारली आणि म्हणाले, प्रार्थनाघराचं दार काढून आणा. ते फादरांच्या तोंडाकडे बघू लागले. मी म्हणाले, त्यांच्याकडं काय बघता, जावा.

त्या हिवाळ्यात आमच्या मिस्साच्या प्रार्थनेला कुत्री आत यायची.